दहा सेकंदांचं काम

सीटी स्कॅनचं प्रत्यक्ष काम दहा सेकंदांचं. टेबल आत सरकतं, श्वास रोखायला सांगतात, यंत्र घरघरतं, टेबल बाहेर येतं. छातीचा किंवा पोटाचा स्कॅन असेल तर हल्ली याहून फारसा वेळ लागत नाही. मात्र या दहा सेकंदांसाठी सकाळी सातला घर सोडलेलं कुटुंब दिवेलागणीला परत येतं, आणि मधला दिवस गेला कुठे हे त्यातल्या कोणालाही सांगता येत नाही.

पेशंट एक असतो, सोबत चौघे. एकाच्या हातात फाइल, दुसऱ्याच्या खिशात पैसे, तिसरीच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि डबा. चौथा कशाला आलाय हे निघताना कोणी विचारलेलं नसतं. पण सेंटरवर पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीशी बोलायचं, टेक्निशियनला “मशीन नवीन आहे ना?” असं विचारायचं आणि दर पंधरा मिनिटांनी “आमचा नंबर कितवा?” करत दारातून डोकवायचं, ही सगळी जबाबदारी तोच उचलतो. त्याच्या साडूच्या मेव्हण्याचं मागच्याच वर्षी इथे स्कॅनिंग झालेलं असतं.

माणसांचा वेळ असा जातो. यंत्राने मात्र गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत वेळेच्या बाबतीत जी मजल मारली, तिला तोड नाही. पहिल्या प्रयोगात एक चित्र घ्यायला नऊ दिवस लागले होते.

ते नऊ दिवस ज्यांनी शांतपणे काढले त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचा जन्म १९१९चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरातला. पाच भावंडांत धाकटे. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र सोडून कशातच लक्ष नाही; शेतावर मात्र उद्योगांना सुमार नाही. घरी बनवलेलं ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मारून बघायची. डांबराच्या पिंपात पाणी भरून ॲसिटिलीन वायूच्या जोरावर ते पिंप किती उंच जातं ते बघायचं. या दुसऱ्या प्रयोगात आपणच उडायचे बाकी राहिलो होतो, असं त्यांनी नोबेल मिळाल्यावर लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगून ठेवलंय. आपल्याकडे असं पोर निघालं असतं तर त्याची आधी दृष्ट काढली असती आणि मग आयटीआयला घातलं असतं. हाउन्सफील्ड युद्धाच्या काळात हवाई दलात गेले, रडार शिकले, शिकवलं, आणि नंतर लंडनच्या फॅरेडे हाउसमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. डिग्री बरी की डिप्लोमा, यावर घरोघरी जे वाद होतात त्यात डिप्लोमावाल्यांनी हा हुकमाचा पत्ता अजून टाकलेला दिसत नाही.

नोकरी ईएमआय कंपनीत. लोकांना ही कंपनी माहीत होती ती गाण्यांसाठी. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या ज्या तबकड्या आपल्याकडे भीमसेन जोशींपासून दादा कोंडक्यांपर्यंत सगळ्यांना घराघरांत घेऊन गेल्या, ते एचएमव्ही याच गोतावळ्यातलं. पण कंपनीचा एक विभाग इलेक्ट्रॉनिक्सचाही होता आणि हाउन्सफील्ड तिथे संगणक बांधत. ब्रिटनमध्ये पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारे जे पहिलेवहिले संगणक तयार झाले, त्यांतल्या एकाचे ते प्रमुख. तो विभाग पुढे कंपनीने विकला आणि या गृहस्थांना सांगितलं, तुम्हाला सुचेल ते करा. हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून कित्येक नोकरदार आयुष्यभर वाट बघतात. हाउन्सफील्डना पायी भटकायचा नाद होता. १९६७च्या सुमारास असेच फिरता फिरता त्यांना सुचलं, की पेटी न उघडता, चारी बाजूंनी आरपार मोजमापं घेतली तर आत काय आहे हे गणिताने काढता यायला हवं.

साध्या एक्स-रेची अडचण अशी की तो शेवटी सावलीच दाखवतो. पुढचं, मधलं आणि मागचं सगळं एकमेकांवर पडतं. फणस न फोडता आत गरे किती आणि कुठे हे एका बाजूने बघून सांगता येत नाही; पण त्याच फणसातून शेकडो कोनांतून किरण पाठवले, प्रत्येक वाटेने किती किरण पलीकडे पोचले ते लिहून ठेवलं आणि सगळ्या आकड्यांचं गणित मांडलं, तर आठळ्यासुद्धा मोजता येतात. गणित मांडायला अर्थातच संगणक हवा. आणि संगणक बांधणारा माणूस नेमका रिकामा बसला होता.

पहिलं यंत्र बघून कोणत्याही एमआयडीसीतल्या माणसाला माहेर भेटल्यासारखं वाटलं असतं. एक जुना लेथ, त्याच्या बेडवर सरकणारा किरणोत्सारी अमेरिशियम, समोर किरण मोजणारा डिटेक्टर, मध्ये वस्तू. सरकायचं, मोजायचं, वस्तू एक अंशाने फिरवायची, पुन्हा सरकायचं. अशी २८,००० मोजमापं कागदी पट्टीवर छिद्रं पाडून नोंदली गेली. अमेरिशियमची ताकद बेताची, म्हणून नऊ दिवस. मग २८,००० समीकरणं सोडवायला मोठ्या संगणकाला अडीच तास. पुढे अमेरिशियमच्या जागी एक्स-रे ट्यूब लावली तेव्हा नऊ दिवसांचे नऊ तास झाले. एवढी वेळेची बचत एका बैठकीत करणारा माणूस सरकारी खात्यात असता तर त्याची बदली झाली असती.

आता आत ठेवायचं काय? मेंदू. गुरांचे मेंदू आणून स्कॅन करणं सुरू झालं आणि साहेब पिशवीत मेंदू घेऊन सार्वजनिक वाहनांतून लंडन पार करू लागले. शेजारच्या प्रवाशाने “काय नेताय?” असं विचारल्याची नोंद नाही, इंग्लंडमध्ये तसं विचारत नाहीत. आपल्या एसटीत हे गुपित पहिल्या थांब्यापर्यंतही टिकलं नसतं. चित्रं मात्र मनासारखी येईनात. कारण सापडलं ते खाटीकखान्यात: जनावराला आधी डोक्यावर आघात करून बेशुद्ध करत, त्यात मेंदूत रक्त साकळत असे. मग ज्यूंच्या कोशर पद्धतीच्या खाटकाकडून मेंदू आणायला सुरुवात झाली. त्या पद्धतीत डोक्याला धक्का लावत नाहीत.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे याच कोड्याचं गणित एका दुसऱ्या माणसाने आधीच सोडवून ठेवलं होतं आणि कोणी त्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. ॲलन कॉरमॅक, जन्म जोहान्सबर्गचा, पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. १९५६ मध्ये केपटाउनच्या ग्रूट स्खूर हॉस्पिटलला अर्धवेळ भौतिकशास्त्रज्ञ हवा होता, तिथे ते जाऊ लागले. कर्करोगावर किरण द्यायचे तर शरीरात कुठे किती शोषले जातात ते कळायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गणिताला बसले. पडताळणीसाठी त्यांनी ॲल्युमिनियमची एक चकती लाकडाच्या कड्यात बसवून तिच्यातून किरण सोडले. उत्तर बरोबर आलं, फक्त मधोमध आकडा जरासा चुकत होता. शेवटी वर्कशॉपमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं, की चकतीच्या मध्यात वेगळ्या ॲल्युमिनियमची एक खुंटी ठोकलेली होती. कारागिराने ती बसवताना कोणाला सांगितलं नव्हतं आणि गणिताने ती पकडली. सीटी स्कॅनने पकडलेला इतिहासातला हा बहुधा पहिला दोष, आणि तो पेशंटचा नव्हे तर सुताराशेजारच्या टर्नरचा निघाला.

कॉरमॅकनी १९६३ आणि १९६४ मध्ये आपलं काम एका नामांकित नियतकालिकात छापलं. प्रतिसाद जवळजवळ शून्य. लेखाची प्रत मागणारी जी थोडी पत्रं आली त्यांतलं सगळ्यांत मजेशीर पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचं होतं, हे कॉरमॅकनी नोबेलच्या व्याख्यानात हसत सांगितलं. डोंगरावर बर्फाचे थर किती साचलेत ते या रीतीने मोजता आलं असतं. अट एवढीच की किरणांचं साधन किंवा डिटेक्टर बर्फाखाली डोंगरात नेऊन ठेवायला हवा. वैद्यकीय जगाला ज्यात काही दिसलं नाही त्यात बर्फवाल्यांना दिसलं, यावरून स्विस लोक टपाल वाचतात एवढं सिद्ध होतं. गंमत अजून पुढे आहे. कॉरमॅकनी घाम गाळून सोडवलेलं हे गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ मध्येच सोडवून छापलं होतं, हे कॉरमॅकना कळलं १९७०च्या दशकात.

मेंदूचा आतला फोटो त्याआधी निघत नव्हता असं नाही. निघायचा, पण त्याची कथा ऐकून माणूस हल्लीच्या वेटिंग हॉलला नावं ठेवणं बंद करील. १९१९ साली, म्हणजे हाउन्सफील्डच्या जन्मवर्षी, अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी सांगितलेली ती रीत: कण्यात सुई घालून मेंदूभोवतालचं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि मग पेशंटला उलटं-सुलटं, आडवं-तिडवं करायचं, म्हणजे हवा मेंदूच्या पोकळ्यांमध्ये फिरते आणि एक्स-रेत दिसते. पुढे यासाठी पट्ट्यांनी बांधून गरगर फिरवणाऱ्या खास खुर्च्याही निघाल्या. मरणाची डोकेदुखी, उलट्या, आणि बरं वाटायला काही दिवस. पन्नासेक वर्षं लोकांनी हे सोसलं.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये एका बाईंना नव्या यंत्रात झोपवलं. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय होता. डोकं रबरी टोपीतून पाण्याच्या पेटीत, एकेका कापाला चार-पाच मिनिटं. मोजमापांच्या टेप दुसरीकडे संगणकाकडे गेल्या आणि चित्र घेऊन परत आल्या. चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं. आजच्या मोबाइलमध्ये याहून मोठा फोटो गुड मॉर्निंगच्या गुलाबाचा असतो. पण त्यात गाठ स्पष्ट दिसली. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने सांगितलं, की आत अगदी चित्रातल्यासारखंच होतं. रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोस यांनी पुढे आठवण सांगितली आहे, की चित्र बघून ते आणि हाउन्सफील्ड शेवटच्या क्षणी गोल मारलेल्या फुटबॉलपटूंसारखे उड्या मारायला लागले. दोन प्रौढ, अबोल ब्रिटिश गृहस्थ उड्या मारताहेत, याचाही स्कॅन तेव्हाच काढून ठेवायला हवा होता.

या यंत्राला बीटल्सने पैसा पुरवला, अशी एक कथा डॉक्टरांच्या परिषदांत हमखास सांगितली जाते. ईएमआयकडे बीटल्सच्या तबकड्यांचा पैसा वाहत होता, त्यातून संशोधन झालं, वगैरे. कथा इतकी गोड आहे की ती खोटी ठरवणाऱ्याचा राग यावा. पण नंतर हिशेब तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं, की यंत्राच्या जडणघडणीत कंपनीपेक्षा ब्रिटनच्या आरोग्य खात्याने कितीतरी जास्त पैसा घातला होता. सरकारी खात्याचं नाव घेऊन मात्र परिषदेत कोणी टाळी मिळवलेली नाही. ईएमआयची कमाई म्हणाल तर पहिली काही वर्षं रांग लागली, अमेरिकेत १९७३ मध्ये मेयो क्लिनिकने यंत्र घेतलं, मग मोठमोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि दशक संपता संपता मूळ कंपनी तोट्यात जाऊन बाहेर पडली. १९७९चं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक या दोघांना विभागून मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल, एक डिप्लोमाधारक आणि दुसरा पीएचडी नसलेला भौतिकशास्त्रज्ञ.

हाउन्सफील्ड यांचं नाव आज रोज घेतलं जातं ते आकड्यांमध्ये. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो आणि त्याचं एकक हाउन्सफील्ड. पाणी शून्य, हवा उणे १०००, टणक हाड अधिक १००० आणि त्याच्या पुढे. चरबी उणे शंभरच्या आसपास, म्हणजे पाण्याहूनही खाली. निरोगी यकृत पन्नास-साठच्या घरात असतं. त्यात चरबी साठायला लागली की आकडा घसरतो, आणि चाळीसच्या खाली गेला की रेडिओलॉजिस्ट ‘फॅटी लिव्हर’ लिहून मोकळा होतो. माणूस चारचौघांत कितीही म्हणो, की “मी काही फार खात नाही, शरीराची ठेवणच तशी”. त्या आकड्यात गेल्या दहा वर्षांतले सगळे वडापाव मांडून ठेवलेले असतात.

यानंतर यंत्र सुसाट सुटलं. आधी फिरत्या भागाला वायरी जोडलेल्या असत, त्यामुळे एक फेरा उजवीकडून झाला की दुसरा डावीकडून घेऊन वायरी सोडवाव्या लागत. १९८०च्या दशकाच्या शेवटी ही कटकट गेली, यंत्र सलग गरगर फिरू लागलं आणि टेबलही त्याच वेळी पुढे सरकू लागलं. मग एका फेऱ्यात चार काप, सोळा, चौसष्ट. २००७ मध्ये ३२० कापांच्या यंत्राने एका फेऱ्यात सोळा सेंटिमीटर, म्हणजे अख्खं हृदय, टिपून दाखवलं. आजच्या वेगवान यंत्रात शेकडो किलोंचा ऐवज पाव सेकंदात पेशंटभोवती एक फेरा मारतो. पांढऱ्या आवरणामुळे हे दिसत नाही, ते उत्तमच आहे. आवरण पारदर्शक असतं तर निम्मे पेशंट टेबलावरून उतरून घरी गेले असते.

आपल्याकडे या काप-स्पर्धेला खरा बहर आला तो बोर्डांवर. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर ‘१६ स्लाइस’चा बोर्ड लागतो, सहा महिन्यांत समोरच्या गल्लीत ‘३२ स्लाइस’ येतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ‘१२८ स्लाइस’चं उद्घाटन माननीय मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते होतं. स्लाइस म्हणजे नक्की काय हे गर्दीतल्या कोणाला माहीत नसतं, पण १२८ हे ३२ पेक्षा चांगलं, हे गणित सगळ्यांना येतं. मुतखड्याला सोळा स्लाइस भरपूर होतात, हे सांगायची हिंमत मात्र उद्घाटनाला कोणी करत नाही.

आता यंत्र पाव सेकंदात फिरत असेल तर दिवस कुठे जातो? तयारीत. आयोडीनचं औषध टोचून स्कॅन करायचा असेल तर आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट लागतो, कारण ते औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. हा रिपोर्ट फाइलमध्ये असतो. फाइल घरी असते. चार तास काही खाऊ नका असं सांगितलेलं असतं, त्यामुळे आजोबा आदल्या दिवशीच्या संध्याकाळपासून कडकडीत उपाशी असतात. साखरेच्या गोळीचं काय करायचं यावर घरात दोन तट पडलेले असतात. आणि एवढं करून पोटाच्या स्कॅनसाठी तिथे लिटरभर पाणी, त्यात औषध मिसळून, तासाभरात घोट घोट प्यायला देतात. उपासाचं पारणं असं होईल हे त्यांनी कधी कल्पलेलं नसतं.

मग धातू. धातूमुळे चित्रात चहूबाजूंनी पांढऱ्या रेघा फुटतात, म्हणून स्कॅनच्या वाटेत येईल ते काढायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात आजीबाईंच्या अंगावर कुड्या, जोडवी, गळ्यातलं, कमरेच्या किल्ल्या, ब्लाउजचे हूक आणि सेफ्टी पिना एवढ्या निघतात की टेक्निशियनचा ट्रे भरतो. पाटल्या पंचवीस वर्षांत उतरलेल्या नसतात आणि आता साबण लावूनही उतरत नाहीत. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणी तयार नसतात. अनुभवी घरांतल्या बायका आधीच दोऱ्यात हळकुंड ओवून आणतात आणि अदलाबदल करून प्रश्न मिटवतात. आजोबांचा करदोटा मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. तो शेवटी चित्रातच दिसतो.

आयोडीनचं औषध नसेत गेलं की अंगभर उष्णतेची लाट येते, तोंडात लोखंडाची चव येते आणि काही क्षण आपल्याला लघवी झाली असं वाटतं. झालेली नसते. टेक्निशियन हे आधी सांगतो. पण ते सांगताना तो इतक्या हळू सांगतो आणि आजोबांना इतकं कमी ऐकू येतं, की व्हायचं ते होतंच. टेबलावरून “अहो, थांबवा, थांबवा!” असा आवाज येतो, आणि त्या दहा सेकंदांत थांबवणं एवढीच एक गोष्ट शक्य नसते.

यंत्रातून आज्ञा येते: “श्वास घ्या. रोखून धरा.” हा आवाज बऱ्याच ठिकाणी ध्वनिमुद्रित असतो, कुठे हिंदी, कुठे टेक्निशियनने स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेला अस्सल वऱ्हाडी. आज्ञाधारक माणसं श्वास रोखतात आणि “सोडा” म्हणेपर्यंत जांभळी पडतात. बाकीचे “हो, घेतला” असं उत्तर देतात, आणि उत्तर देण्यात तो खर्च होतो. या दृष्टीने आजवरचा आदर्श पेशंट म्हणजे तुतनखामेन. जानेवारी २००५ मध्ये इजिप्तमध्ये राजांच्या खोऱ्यात ट्रेलरवर यंत्र नेऊन त्याचा स्कॅन केला, सुमारे १,७०० चित्रं निघाली, आणि डोक्यात घाव घालून त्याचा खून झाला या जुन्या तर्काला त्यात आधार सापडला नाही. हालचाल नाही, श्वासाची भानगड नाही, आणि सोबत एकही नातेवाईक नाही.

महाराष्ट्राला सीटी स्कॅन खऱ्या अर्थाने घरचा वाटायला लागला तो कोविडच्या काळात. पाच खंडांची फुप्फुसं, प्रत्येक खंडाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. पंचवीसपैकी गुण म्हटल्यावर जो समाज युनिट टेस्टवर वाढलाय त्याला आणखी समजावून सांगायला लागलं नाही. “स्कोअर किती?” हा प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर, भाजीच्या रांगेत, सगळीकडे. “आमच्या ह्यांचा आठ.” “बरा आहे हो, दिरांचा चौदा होता आणि ते आता शेतावर जातात.” आयुष्यात पहिल्यांदाच कमी गुण मिळाल्याचे पेढे वाटले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने छातीच्या एचआरसीटीचे दर बांधून दिले आणि तेही स्लाइसवर: सोळाच्या आतल्या यंत्रावर २,००० रुपये, सोळा ते चौसष्ट २,५००, त्यापुढे ३,०००. बोर्डांवरच्या आकड्यांना अखेर राजमान्यता मिळाली.

सर्दी झाली तरी लोक स्कॅनला धावू लागले, तेव्हा मे २०२१ मध्ये एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले, की सौम्य लक्षणांत याचा उपयोग नाही आणि एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने जोरदार हरकत घेतली: आधुनिक कमी मात्रेच्या यंत्रावर तो पाच-दहा एक्स-रेंइतकाच. तीनशे आणि पाच यांतलं अंतर बघून सामान्य माणसाने दोघांची सरासरी काढली. खरी गोम अशी की एका एक्स-रेची मात्रा कोणी ०.०२ मिलिसिव्हर्ट धरतं, कोणी ०.१; आणि छातीचा सीटी नेहमीच्या रीतीने सहा-सात मिलिसिव्हर्टचा, कमी मात्रेने केला तर एक-दीडचा. सीटीच्या मोठ्या आकड्याला एक्स-रेच्या छोट्याने भागा किंवा सीटीच्या छोट्याला एक्स-रेच्या मोठ्याने, दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात. आणि आपण नुसते घरी बसलो तरी माती, हवा, आकाश मिळून वर्षाला सरासरी अडीचेक मिलिसिव्हर्ट देतातच. गुलेरियांचं मुख्य म्हणणं, म्हणजे गरज नसताना कशाला काढता, ते या भागाकारात वाहून गेलं. त्यात अडचण एवढीच होती की ते बरोबर होतं.

स्कॅन झाला की फिल्म मिळते आणि रिपोर्ट संध्याकाळी. मधल्या वेळात फिल्म काकांच्या हाती लागते. ते ती ट्यूबलाइटसमोर धरतात. सीटीच्या कापाकडे पेशंटच्या पायांकडून बघितल्यासारखं बघायचं असतं, त्यामुळे उजवीकडचं यकृत फिल्मवर डावीकडे दिसतं. काकांना हे माहीत नसतं आणि यकृत उजवीकडे असतं हे पक्कं माहीत असतं. ते गंभीर होतात. शिवाय छातीचा एकच काप दोनदा छापलेला असतो, एकदा फुप्फुसं नीट दिसावीत म्हणून आणि एकदा मधलं हृदय वगैरे दिसावं म्हणून. एक चित्र काळंभोर, दुसरं उजळ. काका त्याचा अर्थ ‘औषधाआधी’ आणि ‘औषधानंतर’ असा लावतात आणि सुधारणा असल्याचं जाहीर करतात.

रिपोर्ट आल्यावर मात्र सुधारणा मागे पडते. यंत्र जितकं बारीक बघायला लागलं तितकं त्याला नको ते दिसायला लागलं. माणूस मुतखड्यासाठी जातो आणि खड्याबरोबर मूत्रपिंडावरची पाण्याची गाठ, यकृतातला एक ठिपका आणि मणक्याची झीज घेऊन बाहेर पडतो. वय वाढलं की मूत्रपिंडावर पाण्याच्या साध्या गाठी येतातच, त्या बहुतेक वेळा काही करत नाहीत. पण कागदावर इंग्रजीत छापलेली गाठ रात्री झोपू देत नाही. रेडिओलॉजिस्टचाही नाइलाज असतो: दिसलं ते लिहायलाच हवं, आणि लिहिलं तर तळाला ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ हेही जोडायला हवं. या तळटीपेच्या ओट्याखाली कितीतरी शक्यता सुखाने नांदतात.

या बघण्याचीही एकदा परीक्षा झाली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या सीटीच्या कापांमध्ये एका गोरिलाचं चित्र घुसवलं, मूठ उगारलेला गोरिला, रेडिओलॉजिस्ट ज्या गाठी शोधत होते त्यांच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठा. २४ रेडिओलॉजिस्टांना सांगितलं, गाठी शोधा. २० जणांना गोरिला दिसला नाही. डोळ्यांची हालचाल टिपणारं उपकरण लावलेलं होतं. त्यातून कळलं, की त्या २० पैकी निम्म्याहून अधिकांनी गोरिलाकडे रोखून पाहिलं होतं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की रेडिओलॉजीचा गंध नसलेल्या २५ जणांनाही हेच काम दिलं होतं आणि त्यांतल्या एकालाही तो दिसला नाही. गाठी शोधण्यात तर डॉक्टर त्यांच्या कितीतरी पुढे होते. गोरिला शोधा असं कोणी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या चार जणांना तो दिसला. त्यांनी रीतसर रिपोर्ट लिहिला असता तर तो साधारण असा झाला असता: फुप्फुसात मूठ उगारलेली, गोरिलासदृश सावली, बहुधा निरुपद्रवी, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून आकार वाढला का ते बघावं.